मुंबई पोलिसांचा इतिहास आणि आपलं नाशिक: साऊटर, भागोजी नाईक, त्र्यंबक रोडची शाळा

शिक्षिका_पंचवटी

नमस्कार मंडळी,

२ जानेवारी हा महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिन. १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याच्या पोलीस दलाला ध्वज मिळाला, तो हा दिवस. त्यानिमित्त आमच्या शाळेत नववीची मुलं भित्तिफलक करतायत आणि त्यांनी विषय घेतलाय मुंबई पोलिसांचा इतिहास. नाशिकच्या मुलांनी मुंबई का घ्यावी असं विचारलं, तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फौजदार तर सगळे आपल्याकडेच शिकून जातात ना!"

मुलांनी बरंच गोळा केलंय. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने भंडारी समाजातल्या लोकांचं पथक उभं केलं, रात्रीची गस्त आणि लुटारूंचा बंदोबस्त हे त्यांचं काम. १७७९ मध्ये जेम्स टॉड नावाचा अधिकारी नेमला गेला. १८५७ च्या वेळी पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट. डिसेंबर १८६४ मध्ये फ्रँक साऊटर हे मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त. १८९६ पासून क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या दगडी इमारतीत आयुक्तालय. आणि १५ ऑगस्ट १९४७ ला जे. एस. भरुचा, पहिले भारतीय आयुक्त.

फलकावर साऊटरचं चित्र सगळ्यात मोठं काढलं होतं. मग सिन्नरकडच्या एका मुलाने विचारलं, "हा तोच साऊटर ना, ज्याने आमच्याकडे भागोजी नाईकाला मारलं?" झालं, वर्गात दोन तट पडले. निम्म्या मुलांना ते चित्र काढून टाकायचंय, निम्म्यांचं म्हणणं, पहिला आयुक्त तो पहिला आयुक्त, त्याला काय करणार.

तर माझे दोन प्रश्न. साऊटरला कसं दाखवावं? आणि मुंबई पोलिसांच्या इतिहासात नाशिकचा धागा आणखी कुठे कुठे सापडतो? जाणकारांनी लिहावं.

---

सिन्नरकर

मॅडम, त्या पोराला माझ्यातर्फे शाबासकी द्या. होय, तोच साऊटर.

आमच्या भागात ही गोष्ट मोठ्यांच्या तोंडून ऐकतच सगळे वाढले आहेत, पण सरकारी कागदांतही ती नीट नोंदलेली आहे. भागोजी नाईक हे नंदूर शिंगोट्याचे भिल्ल नाईक. आणि महत्त्वाचं म्हणजे ते स्वतः अहमदनगरच्या पोलीस दलात अधिकारी होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवरून त्यांना कैद झाली. सुटून आले तर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. त्यात १८५७ ला हत्यारं जमा करा असा हुकूम निघाला. भागोजींनी गाव सोडलं. पन्नासेक भिल्ल त्यांना येऊन मिळाले आणि गावापासून जवळच, पुणे-नाशिक रस्ता नजरेखाली राहील अशा जागी त्यांनी ठाण मांडलं.

आज त्या रस्त्याने जाताना नंदूर शिंगोट्याच्या आसपासचे डोंगर बघा. वरून दोन्हीकडचा रस्ता दिसतो. जागा किती विचार करून निवडली होती ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

४ ऑक्टोबर १८५७ ला पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री तिथे चालून गेला आणि गोळी लागून मेला. त्यानंतर दोन वर्षं हा सगळा मुलूख पेटलेला होता. कॅप्टन नटॉलने कोळी लोकांची पलटण उभारली, ती भिल्लांच्या मागावर. डोंगरातल्या माणसांवर डोंगरातलीच माणसं सोडली. ऑक्टोबर १८५९ मध्ये फ्रँक साऊटर नगरचा पोलीस प्रमुख झाला आणि ११ नोव्हेंबर १८५९ ला आमच्या सिन्नर तालुक्यात पांचाळ्याजवळ मिठसागरे इथे त्याने भागोजींना गाठलं. भागोजी आणि त्यांचे बहुतेक साथीदार तिथे पडले.

पाच वर्षांनी हाच साऊटर मुंबईचा आयुक्त. मिठसागऱ्याचं नाव मुंबईच्या इतिहासात कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

---

जुना_पंचवटीकर

साऊटर नाशिकचा एसपी होता असं कुठेतरी वाचल्याचं आठवतंय. ते खरं का?

---

सिन्नरकर

नाही काका. त्या वेळी नाशिक जिल्हाच नव्हता, तो १८६९ मध्ये झाला. तोवर सिन्नर नगरकडे होतं. म्हणून साऊटर नगरचा.

---

निवृत्त_फौजदार

मी त्र्यंबक रोडच्या पोलीस शाळेत शिकलो, मुंबईत आणि नंतर जिल्ह्यात नोकरी केली. माझं मत थोडं वेगळं आहे, शांतपणे वाचावं.

साऊटरने मिठसागऱ्याला जे केलं ते कंपनी सरकार संपून राणीचं राज्य आल्याच्या सुरुवातीच्या काळात, परक्या सरकारचा नोकर म्हणून केलं. त्याचा गौरव मी करणार नाही. पण मुंबईत तो १८६४ ते १८८८ असा चोवीस वर्षं आयुक्त होता. आज एखादा आयुक्त दोन-तीन वर्षं टिकला तरी पुष्कळ. एवढ्या काळात शहर कापसाच्या पैशाने फुगलं, गिरण्या आल्या, बंदर वाढलं, लोक हजारोंनी येऊन राहिले. त्या शहराला पोलीस नावाची एक यंत्रणा मिळाली ती याच काळात. ठाण्याची हद्द, गस्तीची वाटणी, नोंदवह्या, गुन्हेगारांची माहिती ठेवणं, आयुक्ताने रोज स्वतः आढावा घेणं, या सवयी कुणीतरी लावाव्या लागतात. त्या मोडायला एक वर्ष पुरतं, लावायला पिढी जाते.

आणि एक सांगतो. रस्त्यावर उभा राहणारा शिपाई इंग्रज नव्हता. मुंबईचे शिपाई फार मोठ्या संख्येने रत्नागिरीकडचे होते. निळा डगला आणि पिवळी पगडी घालून जो रात्रभर गल्लीत फिरायचा, त्याचं चित्र त्या फलकावर आहे का? साऊटरचं काढा नाहीतर खोडा, त्या शिपायाचं आधी काढा.

---

रानवाट

निवृत्त_फौजदार सर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण "परक्या सरकारचा नोकर म्हणून केलं" एवढ्यावर विषय संपत नाही.

मी पेठ तालुक्यातला. आमच्याकडे आजही पोलिसांची गाडी पाड्यावर आली की म्हातारी माणसं घरात जातात. का जातात, त्यांना विचारलं तर नीट सांगता येत नाही. ही भीती एका पिढीत तयार झालेली नाही. गावात पोलीस म्हणजे काय हे आदिवासींनी पहिल्यांदा पाहिलं ते हत्यारं जमा करणारा, जामीन मागणारा, जंगलात जायला अडवणारा म्हणून. भागोजी नाईक पोलीस खात्यातच होते, म्हणजे त्यांना ती यंत्रणा आतून माहीत होती, आणि तरी त्यांनी ती सोडली. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे. आपलाच एक अधिकारी आपल्या विरोधात का उभा राहिला, हे त्या सरकारने विचारलं नाही. मारणाऱ्याला मात्र बढती मिळाली.

मुलांनी हे लिहावं. साऊटरच्या चित्राशेजारी लिहावं.

---

चिवडेवाली_मेनरोड

वाचतेय. फार छान चर्चा. फोर्जेट म्हणजे वेषांतर करून फिरायचा तोच ना? आमचे सर सांगायचे की त्याच्यापुढे बहुरूपीसुद्धा कान पकडतील. :)

---

कायदा_आणि_कट्टा

हो, तोच. फोर्जेटचा जन्म हिंदुस्थानातला, मराठी आणि हिंदुस्थानी अस्खलित. १८५७ च्या दिवाळीत उठाव करायचा मुंबईतल्या शिपायांचा बेत त्याने वेषांतर करून, भिंतीआडून ऐकून शोधला आणि १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं. तारीख बघा. नंदूर शिंगोट्याची लढाई ४ ऑक्टोबरची, ही १५ ऑक्टोबरची. एकाच पंधरवड्यात इकडे पोलीस अधिकारी भिल्लांच्या गोळीने पडतोय आणि तिकडे मुंबईत तोफा डागल्या जातायत. मुलांनी या दोन तारखा एकाखाली एक लिहिल्या तर नाशिक-मुंबईचा धागा आपोआप दिसेल.

आता "आयुक्त" पद म्हणजे काय, हे थोडं सांगतो, कारण फलकावर ते हवं. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतो आणि दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकारी वेगळा असतो. जमावबंदीचा हुकूम काढायचा, कुणाला तडीपार करायचं, तर तिथे महसुली दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आयुक्तालयात हे पुष्कळसे अधिकार पोलिसांकडेच असतात. मोर्चाचा मार्ग ठरवणं, जमावबंदी, तडीपारी, सगळं एका छताखाली. इंग्रजांनी हे आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा बंदराच्या शहरांत केलं, कारण तिथे गर्दी आणि व्यापार दोन्ही होतं आणि कलेक्टरची वाट बघायला वेळ नव्हता. पुणे आणि नागपूरला आयुक्तालय आलं १९६५ मध्ये. नाशिकला त्याच्या बरंच नंतर, महापालिका १९८२ ला झाली, त्यानंतर.

म्हणून आजही नाशकात दोन पोलीस आहेत. शहराचे आयुक्त गंगापूर रोडला, ग्रामीणचे अधीक्षक आडगावला. भागोजी नाईकांचं गाव आणि मिठसागरे, दोन्ही ग्रामीणच्या हद्दीत.

---

जुना_पंचवटीकर

दोन पोलीस आहेत म्हणूनच तर मोबाईल चोरीला गेला की "ही आमची हद्द नाही" ऐकावं लागतं. एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, तिथून तिसऱ्या. म्हातारा माणूस किती फिरणार?

---

निवृत्त_फौजदार

काका, हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते. त्याला शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवणं म्हणतात. तो नोंदवून योग्य ठाण्याकडे वर्ग करायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून, हे कायद्यातच लिहिलंय. पुढच्या वेळी कुणी फिरवलं तर हे शब्द वापरा. लिहून मागा.

---

लाईनबॉय_नायगाव

माझे वडील मुंबई पोलिसात होते, मी पोलीस लाईनीत वाढलो, आता सातपूरला स्थायिक आहे. वर सगळे साहेबांबद्दल लिहितायत, मी हवालदाराबद्दल लिहितो.

नायगावच्या बीडीडी चाळीत आमची एक खोली. संडास मजल्याच्या टोकाला. वडील रात्रपाळी करून सकाळी आले की आम्हा भावंडांना बाहेर गॅलरीत बसून अभ्यास करायला लागायचा, कारण त्यांना झोपायला जागा तेवढीच. ते पट्टा काढून खिळ्याला लावायचे आणि बूट दाराबाहेर. बुटाच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायचे, घाम शोषला जावा म्हणून. पावसाळ्यात ती घडी दिवसातून दोनदा बदलायची. आईने ते काम मला दिलं होतं.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी संप केला, ते वर्ष मुलांनी लिहिलंय का? शिपायांनी संघटना केली होती. घरं, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामं, या मागण्या होत्या. स्वातंत्र्यदिनाला काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला सरकारने संघटना मोडून काढली, नेत्यांना पकडलं, रस्त्यावर लष्कर आलं. कित्येकांची नोकरी गेली. वडील या विषयावर घरी एक शब्द बोलायचे नाहीत. फार वर्षांनी एकदाच म्हणाले, "आम्ही चोर पकडायला आलो होतो, त्या दिवशी आम्हालाच पकडलं."

मुंबई पोलिसांचा इतिहास म्हणजे आयुक्तांची यादी असेल तर माझे वडील त्यात नाहीत. आणि आठ तासांची ड्युटी ही साधी गोष्ट मुंबईत प्रयोग म्हणून सुरू व्हायला २०१६ उजाडलं. देवनार ठाण्यात पहिल्यांदा केली, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. ही कल्पनासुद्धा एका शिपायानेच मांडली होती. ऑन्जिअरच्या भंडाऱ्यांपासून धरलं तर साडेतीनशे वर्षं लागली.

---

चिवडेवाली_मेनरोड

दादा, वाचून गळा भरून आला.

---

त्र्यंबकरोड

आता शाळेकडे येऊ या. मॅडम, नाशिकचा खरा मोठा धागा इथे आहे.

१९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. त्याने स्पष्ट लिहिलं की पोलीस अधिकाऱ्यांना शिक्षण नाही, लाच आणि मारहाण यावरच तपास चालतो, म्हणून प्रत्येक प्रांतात प्रशिक्षण शाळा हवी आणि गुन्हे अन्वेषणाचं वेगळं खातं हवं. त्यातून मुंबई इलाख्याची शाळा १९०६ ला पुण्यात भांबुर्ड्याला निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला आली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. महाराष्ट्रातला सरळ भरतीचा पीएसआय इथूनच जातो. मुंबईच्या ठाण्यात पहिल्या दिवशी जो नवा फौजदार बसतो, त्याने पंचनामा लिहायला, गोळी झाडायला आणि घोड्यावर बसायला इथेच शिकलेलं असतं.

२६/११ ला कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे आणि अशोक कामटे यांच्याबरोबर शहीद झालेले विजय साळसकर १९८३ च्या तुकडीचे. त्या तुकडीनेही याच मैदानावर घाम गाळला.

आमचं घर अकादमीपासून जवळ. पहाटे बिगुल ऐकू येतो आणि मग बुटांचा एकत्र आवाज. नव्या तुकडीचा आवाज सुरुवातीला तुटक असतो, कुणाचा पाय आधी, कुणाचा नंतर. दीक्षांत संचलनाच्या सुमाराला तो एकच होतो. घरात बसून सांगता येतं की तुकडी आता तयार झाली.

---

गोदाप्रेमी_८५

शाळा नाशिकला आणली ती कलेक्टर जॅक्सनच्या खुनामुळे, असं माझे आजोबा सांगायचे. क्रांतिकारकांचं शहर म्हणून पोलीस इथे आणून बसवले.

---

कायदा_आणि_कट्टा

ऐकायला पटतं, पण तारखा जुळत नाहीत. अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या २१ डिसेंबर १९०९ ला. वर्ष संपायला दहा दिवस. एवढ्यात सरकारी कचेरीतलं टेबलसुद्धा हलत नाही, शाळा कुठली हलणार? शाळेचा निर्णय फ्रेझर आयोगापासूनचा, आधीचाच.

पण त्या खुनानंतर पोलिसांचं काम बदललं हे मात्र खरं. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. नाशिक कट खटला उभा राहिला आणि लंडनमध्ये पकडलेल्या सावरकरांना मुंबईला आणलं गेलं. एका जिल्ह्याच्या गावातल्या नाटकगृहातल्या गोळ्यांचा तपास मुंबई आणि लंडनपर्यंत गेला. राजकीय गुन्ह्यांवर पाळत ठेवणारं पोलीस काम त्यानंतर वाढतच गेलं.

---

रानवाट

आणि पाळत ठेवणारे, ज्यांच्यावर पाळत ठेवली ते, दोघं एकाच गावात. नाशिकचं हे वैशिष्ट्यच आहे म्हणा.

---

भीमपुत्र_नाशिकरोड

मग काळाराम मंदिराचं नावही येऊ द्या.

२ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. प्रचंड मिरवणूक मंदिराकडे आली तेव्हा चारही दरवाजे बंद होते आणि दारांवर हत्यारबंद पोलीस. सत्याग्रही दारासमोर बसले. पुढे दादासाहेब गायकवाडांनी हा लढा १९३५ पर्यंत चालवला. १९३० च्याच ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, आमची माणसं रक्तबंबाळ झाली.

माझे पणजोबा त्या मिरवणुकीत होते असं घरात सांगतात. त्यांच्या बोलण्यात पोलिसांचा राग नव्हता म्हणे. ते म्हणायचे, पोलीस दाराकडे पाठ करून आणि आमच्याकडे तोंड करून उभा होता. दाराच्या आतल्यांकडे तोंड करून एकही नव्हता. मला वाटतं, पोलिसांचा इतिहास लिहिताना हे एक वाक्य पुरेसं आहे. कुणाकडे तोंड करून उभे होते?

पोलीस मुंबईतलेही तसेच होते आणि आहेत. शिपायाने स्वतः ठरवलेलं नसतं. ठरवणारा वेगळा असतो.

---

निवृत्त_फौजदार

भीमपुत्र, तुमच्या पणजोबांचं निरीक्षण मी नोकरीत असताना ऐकायला हवं होतं. बंदोबस्ताला उभं करताना आम्हाला नेमकं हेच सांगतात, "गर्दीकडे तोंड." का, ते कुणी सांगत नाही. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, धोका कुठून येतो ते दिसायला हवं. पण समोरच्या माणसाला ते कसं दिसत असेल, याचा विचार शिकवला पाहिजे. अकादमीत शिकवणाऱ्यांनी हा धागा वाचला तर बरं होईल.

---

बंदोबस्तवाली

मी नाशिकचीच, पोलिसात आहे, जास्त ओळख देत नाही. बंदोबस्ताचा विषय निघाला म्हणून लिहिते.

नाशिकच्या पोलिसांचा इतिहास लिहायचा तर २७ ऑगस्ट २००३ शिवाय होणारच नाही. सिंहस्थाच्या शाहीस्नानाच्या दिवशी सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली आणि ३९ जण गेले. रामकुंडाकडे उतरणारी ती अरुंद, उताराची गल्ली. वरून माणसं येत राहिली आणि खाली बॅरिकेडपाशी थांबलेल्यांना मागे जायला वाट नव्हती. तेव्हा मी खात्यात नव्हते. पण त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात आणि प्रत्येक बंदोबस्ताच्या बैठकीत तो उतार येतोच.

२०१५ च्या सिंहस्थाला मी होते. येणारा आणि जाणारा रस्ता कुठेही एकत्र येऊ द्यायचा नाही, गर्दी थांबवायची नाही, ती चालती ठेवायची. त्यामुळे लोकांना किलोमीटरच्या किलोमीटर चालावं लागलं, लोक आम्हाला शिव्या देत होते, "एवढ्या लांबून कशाला फिरवता?" एका आजींच्या चपला तुटल्या, अनवाणी चालत होत्या, मला म्हणाल्या, "तुझं भलं होणार नाही." मी त्यांना पाणी दिलं. त्यांना कसं सांगू की सरळ वाटेने सोडलं तर काय होतं ते या शहराने पाहिलंय? त्या वर्षी एकही मृत्यू चेंगरून झाला नाही. माझ्या नोकरीतला मला सगळ्यात अभिमान वाटावा असा काळ तो आहे, आणि त्यात मी एकही चोर पकडला नाही.

२०२७ ला पुन्हा आहे. आताच पाय दुखायला लागलेत. :)

---

जुना_पंचवटीकर

बंदोबस्तवाली ताई, २००३ ला मी सरदार चौकाच्या वरच्या अंगाला होतो. तुम्ही २०१५ ला जे केलंत ते योग्यच केलंत. लांबून फिरवा, फिरवत राहा. आम्ही चालू.

---

गोदाप्रेमी_८५

विषयांतर, पण सरकारवाडा पोलीस ठाण्याला हे नाव पेशवेकालीन सरकारवाड्यावरून, हे मुलांना सांगा. सराफ बाजाराकडे गेलं की वाडा दिसतोच. ठाण्याच्या नावात पेशवाई, भद्रकालीच्या नावात देवी, आणि उपनगरच्या नावात नुसतं उपनगर. नाशिकचा सगळा प्रवास ठाण्यांच्या नावांत आहे.

---

शिक्षिका_पंचवटी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलांशी काल बोलले, हा धागा त्यांना वाचून दाखवला. पुढचं असं ठरलंय:

साऊटरचं चित्र राहणार, पण लहान होणार. त्याच मापाची चौकट भागोजी नाईकांची, शेजारी. त्यांचं चित्र आमच्याकडे नाही, म्हणून मुलं त्या चौकटीत नंदूर शिंगोट्याचा डोंगर आणि खालून जाणारा रस्ता काढणार आहेत. दोन्ही चौकटींखाली एकच तारीख, ११ नोव्हेंबर १८५९, आणि एकच गाव, मिठसागरे. पोलीस खात्यातून एक माणूस बाहेर पडला आणि एक मोठा झाला, हे वाचणाऱ्याला कळेल.

मधल्या मोठ्या जागेत निळा डगला आणि पिवळी पगडीवाला रत्नागिरीचा शिपाई. त्याच्या पायाशी १९८२. लाईनबॉय दादा, तुमच्या वडिलांचं वाक्य नाव न देता लिहिलं तर चालेल का?

काळारामचा फलक वेगळा करायचं ठरलंय. मुलींनी तो मागून घेतला. त्यात दार, दारावरचा पोलीस आणि समोर बसलेली माणसं. पोलिसाचं तोंड आपल्याकडे असेल, म्हणजे बघणारा आपोआप सत्याग्रह्यांच्या जागी उभा राहील. ही कल्पना मुलींचीच.

आणि शेवटी १९०९, त्र्यंबक रोडची शाळा.

---

लाईनबॉय_नायगाव

चालेल ताई. वडील असते तर नको म्हणाले असते. मी हो म्हणतो.

---

सिन्नरकर

मॅडम, मुलांना एक दिवस मिठसागऱ्याला घेऊन या. सिन्नरहून एसटीने येता येतं. गावातल्या जाणत्या माणसांशी गाठ घालून देण्याची जबाबदारी माझी. आणि जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही, हे आधीच सांगतो.

---

रानवाट

मला पटलं. एकच मापाची चौकट, हे महत्त्वाचं.

---

निवृत्त_फौजदार

मला पूर्ण पटलेलं नाही. चोवीस वर्षांच्या कामाला एका दिवसाच्या तारखेखाली ठेवणं मला जड जातंय. पण मुलांनी विचार करून ठरवलंय, तेव्हा राहू द्या.

फक्त एक विनंती. सुरुवातीच्या यादीतल्या जेम्स टॉडला नुसतं नाव आणि १७७९ साल लिहून सोडू नका. त्याच्यावर लाचखोरीचा खटला चालला आणि १७९० मध्ये त्याला पदावरून काढलं. मुंबई पोलिसांच्या प्रमुखाला लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली, ही गोष्टसुद्धा या खात्याच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. ज्या मुलांना पुढे पीएसआय व्हायचंय, त्यांना ही ओळ पहिल्याच फलकावर दिसली पाहिजे, आणि अक्षर ठळक असू द्या.